वस्तूंविरुद्ध एक यशस्वी लेख

दसरा उलटून आठवडा झाला की सकाळच्या पेपराचं वजन वाढतं. बातम्या तेवढ्याच असतात. आतल्या घडीत गुळगुळीत रंगीत पत्रकं येऊन बसलेली असतात. परवा पेपर उघडला तर माझ्या मांडीवर आधी एक कपडे धुण्याचं यंत्र पडलं, त्यावर एक फ्रीज, आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या पानावरचा पूर. मी पत्रकं गोळा करून टोपलीत टाकायला निघालो तर सून स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, वो मत फेकिये! मला बघायचंय ते." मी पत्रकं टेबलावर ठेवली आणि पूर टोपलीत टाकला.

भिलाईतल्या नेहरू नगरच्या आमच्या गॅलरीतून महामार्ग दिसतो. या दिवसांत त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा लागतात आणि फलकांवरच्या बायका नवनव्या वस्तूंना मिठी मारून हसत असतात. शेतं कोसभर मागे सरकली आहेत. तरीही एखाद्या सकाळी, दव पडलेलं असताना आणि वारा मरोदा गावाच्या अंगानं येत असताना, कुठूनसा पिकल्या धानाचा वास येतो. धान पिकल्याचा वास आला की माणसाला भूक लागावी. मला भीती वाटते. आपण कुणाचं तरी काहीतरी ठेवून घेतलंय, ते आता मागायला येतील, असं वाटत राहतं.

तो हंगाम होता साठ सालच्या पुढेमागचा. मी चोवीस वर्षांचा, नागपूरकडच्या रेल्वेवाल्या घरातला, आणि भिलाईच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून. कारखाना अजून पुरता उभा व्हायचा होता. अर्धा पेटला होता, अर्धा बांधला जात होता. माझं काम असं, की खोक्यांतून जे निघेल त्याचं वर्णन पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी सुतळीनं त्या वस्तूला बांधायची. 'झडप, पितळी, चाकासकट, डाव्या कानाला पोचा.' रशियन साहेबाचं इंग्रजी बेताचं आणि माझं त्याहून बेताचं. म्हणून वर्णन असं नेमकं लागे की दोघांनाही डोळे मिटून ती झडप दिसावी. तिथे मला लोखंडातलं काही कळलं नाही. वस्तूचं वर्णन मात्र करता येऊ लागलं. पुढे जे झालं त्याला ही एवढीच कला कारणीभूत आहे.

त्या दिवसांतलं आभाळ कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. भट्टीतला वितळलेला गाळ, ज्याला सगळे स्लॅग म्हणत, तो वाघिणींतून नेऊन लांब मैदानात ओतत. ओतला की दिवेलागणीचं आभाळ खालून पेटायचं. सूर्य पश्चिमेला बुडालेला आणि पूर्वेला दुसरा उगवतोय असं वाटे. पहिल्या वर्षी बायका हातातलं काम टाकून व्हरांड्यात येत, म्हाताऱ्या हात जोडत, कुत्री भुंकत. दुसऱ्या वर्षी फक्त कुत्री भुंकत. तिसऱ्या वर्षी कुत्र्यांनीही सोडून दिलं. मला त्या उजेडापेक्षा या सोडून देण्याची जास्त धास्ती वाटे; पण धास्ती वाटली की मी लेख लिहीत असे, आणि लेख लिहून झाला की धास्ती जाऊन अभिमान वाटू लागे.

लेख छापायला छापखाना नव्हता. आमच्या सेक्टरातल्या मराठी घरांचा एक हस्तलिखित दिवाळी अंक निघायचा. एकच प्रत. ती एका घरात दोन दिवस राहायची, मग पुढच्या घरी जायची. रिवाज असा, की अंक पुढे देताना रिकाम्या हातानं द्यायचा नाही. बरोबर वाटीभर चिवडा, दोन चकल्या, काहीतरी द्यायचं. त्यामुळे शेवटच्या घरी पोचेपर्यंत अंकाला साहित्यापेक्षा खमंग असा एक वास येई आणि कवितांवर तेलाचे चंद्र उगवलेले असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाची. संपादक मी. म्हणजे लोकांच्या कविता परत करणारा आणि स्वतःचे लेख स्वीकारणारा.

पण अंक खरा होता इंदूवहिनींचा. आमच्या क्वार्टरांच्या रांगेतल्या दौलतची बायको. दौलत भंडाऱ्याकडच्या धानवाल्या घरातला, इथे फिटर झालेला, हातापायांनी रेड्यासारखा आणि मनानं मऊ. वहिनी तुमसरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या, शाळेत पुष्कळ शिकलेल्या, आणि अक्षर असं की मराठी भाषा आधी तिथे जन्मली आणि मग बाकीच्यांनी उचलली असं वाटावं. दौलत पहिल्या पाळीला गेला की त्या खिडकीशी पाट मांडून, टाकानं, निळ्या शाईत अख्खा अंक उतरवून काढायच्या. चुका गुपचूप दुरुस्त करायच्या. माझ्या लेखातलं एखादं वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं, तर ते बहुधा त्यांचं असे.

त्या वर्षी त्यांनी स्वतःचीही एक गोष्ट घातली होती. संपादकाला न विचारता, शेवटच्या पानांवर. बिसाहिन नावाच्या एका गावकरी बाईची. तिचं धानाचं शेत कारखान्याच्या भिंतीआड गेलंय. तरीही कापणीचे दिवस आले की ती रोज सकाळी विळा घेऊन निघते. कुणी विचारलं की म्हणते, "अपन खेत जावत हंव, बाई." भिंतीपाशी जाते, फाटकावरचा शिपाई तिला परत पाठवतो, ती परत येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. पिकल्या धानाचा वास तिला भिंतीपलीकडून येत असतो. तिथे आता धान नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही, किंवा सांगितलंय आणि तिला नाकावर जास्त विश्वास आहे. मग एक दिवस पाळी बदलायच्या वेळी फाटकाशी गर्दी उसळते, शिपायाची नजर हलते, आणि बिसाहिन पदराखाली विळा धरून कामगारांच्या लोंढ्यातून आत जाते.

तिथे वहिनींनी लिहिलं होतं : अपूर्ण.

"वहिनी, पुढे काय झालं तिचं?" मी विचारलं.

"मालूम आहे मले. पण आत्ताच नाही सांगत. पुढच्या अंकात." आणि मग हसून, "संपादकानं जागा ठेवली तं."

मी वाचून घरी आलो. मला मत्सर झाला होता. माझ्याच अंकात माझ्यापेक्षा बरं कुणीतरी लिहिलं होतं आणि ते परत करण्याची सोय नव्हती. म्हणून मी माझा लेख पुन्हा लिहायला घेतला, पहिल्यापेक्षा जळजळीत.

लेखाचं नाव 'वस्तूंची वरात'. चंगळवाद हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी आला नव्हता. आम्ही वस्तूंचं वेड म्हणायचो. आणि वेड लागत चाललं होतं, यात खोटं नाही. गावाकडून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आलेली माणसं. महिन्याच्या महिन्याला पगार, आणि संध्याकाळी समोर पॉवर हाऊस नावाच्या वस्तीतला बाजार. आधी घड्याळ आलं, मग सायकल, मग कुणाकडे रेडिओ. रेडिओ आला की त्याला क्रोशाचा झगा, झग्याला शोभेलसं टेबल, टेबलामागच्या भिंतीला रंग. वस्तू एकटी येत नाही, माहेरची माणसं घेऊन येते, असं मी लिहिलं. आमचं काय होणार, ही माणसं एक दिवस स्वतःच्या घरात वस्तूंना विचारून बसतील-उठतील, असंही लिहिलं. हे सगळं ठीक होतं. पण शत्रूचं रूप वाचकाला नीट दिसलं पाहिजे म्हणून मी एकेका वस्तूचं वर्णन केलं. आणि वर्णन मला येत होतं.

शिवणयंत्रावर तर मी दीड पान खर्च केलं. पॉवर हाऊसच्या एका दुकानाच्या काचेपुढे मी त्याच्यासाठी तीन संध्याकाळ उभा राहिलो होतो, निव्वळ तिरस्कारानं. 'ओल्या शाळुंकेसारखं काळंभोर अंग, त्यावर सोन्याची वेलबुट्टी, कमरेशी बारीक, आणि पावलाचा स्पर्श होताच मांजरीसारखं घुरघुरणारं' अशी ती मोहिनी मी रंगवली आणि तिच्यापासून सावध राहा, असा शेवटी इशारा दिला. इशारा एका ओळीचा होता.

अंक घरोघर फिरू लागला. लोक रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "काय लिहिलं बाबू! मशीन डोयासमोर उभी राहिली." मी नम्रतेनं मान झुकवत असे. एका संध्याकाळी बाजारात त्या काचेच्या दुकानाच्या शेठनं मला हाक मारली. मला वाटलं, लेख याच्यापर्यंत पोचला, आता हा भांडणार. मी मनात दोन-तीन तिखट वाक्यं जुळवली.

"आओ भाईसाब, चाय पियो," तो म्हणाला. "आप लोगों की कोई किताब निकली है न? तीन बाइयाँ आ के गईं. कहती हैं, वही बेलबूटे वाली मशीन दिखाओ, पतली कमर वाली. मैं खुद समझ नहीं पाया, फिर गौर से देखा तो सच में पतली है!"

मी म्हटलं, "शेठजी, वो तो मैंने खिलाफ में लिखा है."

"खिलाफ में ही लिखिए," शेठ मनापासून म्हणाला. "बहुत अच्छा लिखते हैं. अगले साल पंखे के खिलाफ भी लिख दीजिए."

मी चहा प्यायलो. दुसरा कपही घेतला.

घरी येताना आभाळ पेटलेलं होतं आणि रस्त्यावर कुणीही वर बघत नव्हतं. हातगाडीवर बांधलेलं एक खोकं माझ्यापुढे चाललं होतं. गाडीमागे, खोक्यावर हात ठेवून, नवरदेवाच्या बापासारखा दौलत.

"ओ लेखकबुवा!" त्याला मी दिसलो. "तुमच्या लेखातली आणली पाहा! इंदूले अजून सांगितलं नाही मी."

"अरे दौलत, तो लेख..."

"वाचला नं मी! दोनदा वाचला. शेवटचं ते सावध राहा-गिवध राहा सोडून द्या, ते तं तुमाले लिहावंच लागते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "टाक धरू धरू तिचा हात दुखते, भाऊ. बोटाले घट्टा पडला. मले पाहवत नाही. आता मशीनवर बसन आरामात, पायानंच तं चालवाची आहे."

हातगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. मी त्याच्या बाजूनं चालत राहिलो. एका प्रेमळ माणसाला अडवायला जे शब्द लागतात ते माझ्यापाशी कधीच नव्हते. माझ्यापाशी फक्त वर्णनं होती.

वहिनींना मशीन आवडलं. हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण आम्ही लिहिणारे अशा वेळी बाईला दुःखी करून टाकतो. त्या दुःखी नव्हत्या. त्यांनी सोनेरी वेलीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कमी लिहिलं." पहिल्या आठवड्यात खिडक्यांना पडदे झाले. मग दौलतचा लेंगा. मग शेजारच्या बाईनं झंपर टाकला, तिचं पाहून पलीकडच्या रांगेतल्या दोघींनी. दिवाळी आली ती गेलीच नाही. लग्नसराई आली, शाळेचे गणवेश आले. खुर्सीपारहून बायका रिक्षा करून येऊ लागल्या. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आमच्या रांगेत तो आवाज सुरू व्हायचा. खट-खट-खट-खट, मध्ये श्वासापुरतं थांबणं, पुन्हा खट-खट. भिंती अर्ध्या विटेच्या होत्या. मी सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलो की माझी वाक्यं त्या ठेक्यात पडू लागली. आपण काहीतरी सुरू केलंय आणि त्याला बंद करायची कळ आपल्यापाशी नाही, असं वाटून मी उठे, खिडकी लावे. आवाज भिंतीतून येई.

पुढच्या वर्षी पुन्हा धान पिकलं. मी कागदाचा दस्ता आणि शाईची नवी बाटली घेऊन वहिनींकडे गेलो. खोलीभर कापडं. पाट आधी ओळखूच आला नाही. त्यावर इस्तरी ठेवली होती. वहिनी जमिनीवर बसून कापडावर कागदाची बेतणी ठेवत होत्या, तिच्याभोवती खडू फिरवत होत्या. मी सहज पाहिलं. बाहीच्या बेतणीवर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'कमरेशी बारीक, आणि पावलाचा'. पुढे कात्री गेली होती.

गेल्या वर्षीचा अंक. फिरून फिरून शेवटी परत त्यांच्याकडेच आला होता. जाड, चांगला कागद.

"रागावू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पेपर लगेच फाटते. हा कागद मस्त चालते. तुमचा लेख लंबा होता, दोन बाह्या निघाल्या."

माझ्या लेखनाचा समाजाला इतका थेट उपयोग त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. मी हसलो. मग दुसरी बेतणी दिसली, मागच्या गळ्याची. त्यावर बिसाहिन भिंतीकडे निघाली होती आणि मध्ये, जिथे फाटक असायला हवं होतं, तिथे गोल भोक होतं.

"वहिनी, ही तर तुमची गोष्ट."

"हो. पाठ आहे मले सारी."

"मग पुढचं? मी जागा ठेवली आहे. पहिलं पान."

त्यांनी तोंडातली टाचणी काढली. "लिहीन नं. एवढे आठ झंपर होऊ द्या. मले काय वाटत नाही का, भाऊजी? मशीन चालते तवा ती बाई माह्या डोयासमोरूनच जाऊन राहते. सरळ आत जाते. पण मी टाक हातात घेतला का दारात कोणी ना कोणी येते, 'बाई, माह्यं झालं का?'" आणि खरंच त्याच वेळी दारात कुणीतरी आलं.

तो अंक निघाला नाही. माझं अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. कुत्र्यांचं झालं तसंच.

याच सुमारास नानांनी मला दुर्गला व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. नाना म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड, दुर्गच्या मराठी मंडळींचे पुढारी. सभा वेळेवर सुरू झाली नाही तर खिशातून शिट्टी काढणारे. विषय त्यांनीच दिला : वस्तूंचं वेड आणि लेखक, काल व आज. "तुझा तो लेख फार गाजला म्हणे," ते म्हणाले. "आणि हे बघ, जरा बरे कपडे घालून ये. मागच्या खेपेस तुझ्या कॉलरीवर लाल धूळ होती. पुढच्या रांगेत आमच्या साहेबांच्या बायका बसतात."

मी तयारीला लागलो. जे हाताला लागलं ते वाचलं आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. संतांनी सोन्याकडे पाठ फिरवली, ती इतकी पुरी की त्यांच्या पाठीवर त्याची झळाळी पडलेली दिसत नाही. तेवढेच काय ते सुटले. त्यांच्यामागून शाहीर आले आणि शालूचा काठ, नथीचा मोती, विड्याचा डबा यांची अशी गाणी बांधली की ऐकणाऱ्यानं उठून थेट पेठेत जावं. मग विलायती दुकानं आली. बूट, छत्री, बिस्किटं, चहा. लेखकांनी चहाबाजांवर फार्स लिहिले आणि ते जागून लिहिता यावेत म्हणून चहा प्यायले. स्वदेशीच्या दिवसांत विलायती कापडाच्या होळ्यांवर अग्रलेख पेटले, त्यांत त्या मलमलीचा पोत असा काही उतरला की जळतानाही ती अंगावर घ्यावीशी वाटावी. आणि त्याच अंकाच्या मागच्या पानावर विलायती औषधाची जाहिरात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दारात उभे राहून लोकांना सांगत आलो, आत जाऊ नका, आत काय काय आहे ते आम्ही पाहून आलो आहोत. लिहिणाऱ्याला शिवी देण्याआधीही वस्तू हातात घेऊन फिरवून बघावी लागते. तेवढ्यात वाचकाला ती दिसते.

हे सुचल्यावर माझ्या अंगावर काटा आला. आणि हे सांगताना आपण कोणता सदरा घालणार, हा दुसरा विचार लगेच आला.

शेठला जाब विचारावा असं मी बऱ्याच दिवसांपासून ठरवत होतो. त्या संध्याकाळी गेलो. परत आलो तेव्हा माझ्या हातात टेरेलिनचं एक सदऱ्याचं कापड होतं. फिकट निळं, पाण्यासारखं, ज्याला चुणी पडत नाही आणि लाल धूळ फुंकली की उडते. वर्णन पुरे करतो.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी मी वहिनींकडे जाऊन बसलो. गाडी पाच वाजता होती. सदरा अर्धा झाला होता. बाह्या आणि कॉलर राहिली होती.

"बसा, भाऊजी. गाडी नाही चुकू देत मी तुमची," त्या म्हणाल्या. मशीनचं पायडल हलू लागलं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात कारखान्याची बारीक लाल धूळ तरंगत होती, आणि तिच्याखालून, अगदी पुसट, धानाचा वास.

थोड्या वेळानं त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज तुमी लेखकांवर बोलणार नं? मग मी तुमाले एक देते घेऊन जायाले. बिसाहिनचं पुढचं सांगते. लिहिणं तं माह्याच्यानं होत नाही आता. तुमी लिहून काढा कधी."

मी सरसावून बसलो. मशीन चालू होतं.

त्या सांगू लागल्या. नजर सुईवर, दोन्ही हात कापडावर. टेरेलिन निसरडं असतं, ते घट्ट धरून ओढावं लागतं, म्हणून त्या भरभर, एका दमात शिवत होत्या. 'आत गेली तं' एवढं मला ऐकू आलं. मग खट-खट-खट-खट. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मध्ये एकदा 'विळा' ऐकू आलं. मध्ये एकदा त्या थांबल्या, पण कापड फिरवायला. बोलणं त्याआधीच पुढे गेलं होतं. मी पुढे झुकलो. कान मशीनजवळ नेला. आणखीच आवाज.

एकच शब्द बोलायचा होता मला. थांबवा. त्यांनी लगेच थांबवलं असतं, पाय उचलला असता आणि पहिल्यापासून सांगितलं असतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. एक बाही लागायची होती.

मी मान हलवली. हो, हो. अच्छा. अरेरे.

त्यांचा चेहरा मी पाहत होतो. एका ठिकाणी त्यांचे डोळे भरले असावेत, कारण त्यांनी दंडानं नाक पुसलं, पण हात कापडावरून सोडले नाहीत. मग बोलणं संपलं असावं. मशीन त्यानंतरही थोडा वेळ चालत राहिलं आणि बाहीच्या टोकाशी येऊन थांबलं. खोलीत एवढी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

वहिनींनी दोरा दातानं तोडला. "कसा वाटला शेवट? खरं सांगा."

"छान," मी म्हणालो.

"छान?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. तसंच झालं असन तिचं. दुसरं काय होणार होतं." आणि सदरा झटकून माझ्या खांद्यांना लावून बघितला.

व्याख्यान उत्तम झालं. नानांना शिट्टी वाजवावी लागली नाही. संतांपासून शेठपर्यंत सगळ्यांना मी हसतखेळत सोलून काढलं, स्वतःलाही, कारण स्वतःला सोललं की लोक जास्त टाळ्या देतात. सभा संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी माझी बाही दोन बोटांत धरून विचारलं, कुठून घेतलंत हो कापड? मी दुकानाचं नाव सांगितलं. पत्ताही सांगितला.

त्यानंतर वहिनी आल्यागेल्याला सांगू लागल्या, "माही एक गोष्ट आहे, भाऊजींपाशी आहे ती." कुणी माझ्याकडे बघितलं की मी गंभीर चेहरा करी. आज विचारू, उद्या विचारू असं करत वर्षं गेली. विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की त्या रडत होत्या आणि मी बाही लागायची वाट बघत होतो. मी स्वतःच शेवट रचून पाहिले. ती आत जाते आणि वाफ्यातल्या गवताची पेंढी कापून आणते. ती आत जाते आणि परत येत नाही. ती आत जाते, विळा झिजलेला बघून कुणी तिला नवा देतो. सगळे बरे होते. माझ्या नेहमीच्या लेखांइतके बरे. त्या बाईला मी रोज त्या फाटकातून आत ढकली आणि रोज ती लोंढ्यात दिसेनाशी होई.

मग बोकारोला नवा कारखाना उभा राहू लागला आणि दौलतला तिकडे पाठवलं. दुर्गच्या फलाटावर त्यांना पोचवायला मी गेलो, ते आज सांगायचंच असं ठरवून. वाक्य तयार होतं : वहिनी, त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही, पुन्हा एकदा सांगा. एवढंच. दौलत गोणपाटात शिवलेलं मशीन डब्यात चढवत होता आणि हमालाला ओरडत होता, "अबे, संभाल के! मुंडी नाजूक है उसकी." वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. चष्मा लागला होता. उजव्या हाताच्या बोटावर टाकाचा घट्टा होता तिथे आता सुईचे बारीक ठिपके होते.

मी गजाला धरलं. "वहिनी, एक बोलायचं होतं. तुमची ती गोष्ट..."

"हो, भाऊजी, तेच सांगणार होती मी." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "जपून ठेवा. लई दिवस ती बाई माह्या डोक्यातून हालतच नव्हती. मशीनवर बसली का समोर, झोपली का समोर. तुमाले सांगितली आणि सुटली मी. आता तं मले आठवतबी नाही, काय केलं होतं तिनं आत जाऊन."

गाडी हलली. मी गज धरून चार पावलं चाललो, आणि मान हलवली.